अण्णांची पिकअप आणि लातूरच्या ७४१ खेपा

दिवाळीला गावी गेलं की पहिल्या दिवशी फराळ, दुसऱ्या दिवशी रामलिंगाचं दर्शन आणि तिसऱ्या दिवशी घरातला एखादा रखडलेला निर्णय, असा आमचा ठरलेला कार्यक्रम असतो. पुण्यात कॉम्प्युटरवर बसणाऱ्या माणसाला प्रिंटरच्या दुरुस्तीपासून सातबाऱ्यापर्यंत सगळं कळतं, असा येडशीत एक गोड गैरसमज आहे. मीही तो कधी फार मनापासून दूर केलेला नाही. २०२५ च्या दिवाळीत विषय होता अण्णांची पिकअप. ठेवायची का काढायची?

अण्णा म्हणजे माझे चुलते. २०१४ च्या दसऱ्याला त्यांनी पिकअप घेतली, सगळं धरून रस्त्यावर येईपर्यंत साडेपाच लाख. (कुठल्या कंपनीची ते लिहीत नाही. अकरा वर्षं सोयाबीनची पोती वाहिल्यावर सगळ्या कंपन्या सारख्याच दिसतात.) त्या गाडीने द्राक्षाचे क्रेट वाहिले, खताची पोती वाहिली, लग्नाची भांडी वाहिली, आणि माझं इंजिनियरिंगचं बाडबिस्तार होस्टेलवर पोचवलं तेही तिनेच. आता ती ऑइल खाते. सकाळी सुरू केली की निळा धूर सोडते. मिस्त्री म्हणतो फुल इंजिन काम करावं लागेल, ८५ हजार धरून चला. आणि माझा चुलतभाऊ बापू, ज्याच्या हातात आता स्टिअरिंग जास्त असतं, तो म्हणतो की या म्हातारीवर एक रुपया घालू नका, नवी घ्या.

बापूच्या बाजूने सगळं जग होतं. २२ सप्टेंबर २०२५ ला मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला आणि त्या दिवाळीत शोरूमवाल्यांना नुसतं उधाण आलं होतं. एक जण तर घरी येऊन चहा पिऊन कोटेशन ठेवून गेला. नवी गाडी रस्त्यावर ९ लाख ६० हजार, जुनीचे एक्स्चेंजमध्ये १ लाख ६० हजार, वर फक्त ४० हजार रोख द्या, बाकी फायनान्स. हा "फक्त" शब्द ज्याने शोधला त्याला मार्केटिंगचं नोबेल द्यायला हवं.

अण्णांचं एकच पालुपद, "आरं, साडेपाचाची गाडी साडेनवाला झाली. येड लागलंय का लोकास्नी?"

चौकातल्या पिकअप स्टँडवरही हेच ऐकू आलं. गाड्या लई महाग झाल्या. तेव्हा म्हटलं आधी हेच तपासू.

ग्राहक किंमत निर्देशांक नावाचा एक आकडा सरकार दर महिन्याला काढतं. २०१२ ला १०० धरलं तर २०१४ च्या दसऱ्याच्या सुमाराला तो साधारण १२० होता आणि २०२५ च्या ऑक्टोबरात साधारण १९७. म्हणजे सगळ्याच गोष्टी सरासरी एक पूर्णांक चौसष्ट पट. अण्णांचे साडेपाच लाख गुणिले १.६४ केले की नऊ लाख येतात. कोटेशन ९ लाख ६० हजारांचं. म्हणजे महागाईच्या वर गाडी वाढली ती साठेक हजारांनी. त्याचंही उत्तर जवळजवळ सापडतं. २०२५-२६ च्या राज्याच्या अर्थसंकल्पात साडेसात हजार किलोपर्यंतच्या हलक्या मालवाहू गाड्यांवर किमतीच्या ७ टक्के एकरकमी कर आला, तो या गाडीवर पन्नास-साठ हजारांच्या घरात जातो. केंद्राने जीएसटी कमी केला त्याने शोरूमची किंमत ७.८ टक्क्यांनी उतरते (१२८ चे ११८, करून बघा), आणि राज्याने ७ टक्के घेतले. जाहिरातीत अर्थातच पहिला अर्धाच छापतात.

आणि मधल्या काळात गाडी तीच राहिलेली नाही हेही धरा. अण्णांची गाडी बीएस-३. एप्रिल २०१७ मध्ये देशभर बीएस-४ आलं, एप्रिल २०२० मध्ये पाच नंबर गाळून थेट बीएस-६. नव्या इंजिनात सेन्सर, धूर गाळायची जाळी, कॉम्प्युटर, हे सगळं फुकट येत नाही. ते धरलं तर गाडी महाग झाली हे म्हणणंच टिकत नाही.

हे मी अण्णांना सांगितलं. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच तो कोटेशनवाला आहे.

मग अण्णा आत जाऊन वही घेऊन आले. अण्णांची वही ही आमच्या घरातली सगळ्यात विश्वासू वस्तू आहे. २०१४ पासूनची प्रत्येक खेप, डिझेल, पंक्चर, पासिंग, अगदी टोचन करून आणल्याचे पैसेसुद्धा तारीखवार. आमच्या कंपनीत एवढं नीट लॉगिंग कुणी केलं तर त्याला प्रमोशन मिळेल. त्यात लातूरची खेप बघितली. येडशीहून लातूर जाऊन-येऊन १४० किलोमीटर धरा, भरलेल्या गाडीला बारा लिटर डिझेल. २०१४ ला भाडं १,८०० रुपये. डिझेल ६३ रुपयांनी ७५६ गेले, हातात १,०४४. आता भाडं २,४०० रुपये. डिझेल ९२ रुपयांनी १,१०४ गेले, हातात १,२९६.

आता साडेपाच लाखांना १,०४४ ने भागा. ५२७ खेपा. नऊ लाख साठ हजारांना १,२९६ ने भागा. ७४१ खेपा.

म्हणजे अण्णा बरोबरच होते, फक्त शब्द चुकत होता. गाडी महाग झालेली नाही, अण्णांची खेप स्वस्त झाली आहे. महागाईच्या बरोबरीने हातात पडायचे तर १,०४४ चे १,७१२ व्हायला हवे होते, झाले १,२९६. आणि या पैशात अण्णांचा स्वतःचा पगार शून्य धरलाय, टायर-ऑइल अजून वेगळंच.

भाडं का वाढत नाही? एक तर स्टँडवर बघा. मी शाळेत होतो तेव्हा तिथे चार-पाच गाड्या असायच्या. त्या दिवशी मोजल्या, १९ होत्या. चाळीस-पन्नास हजार रोख भरले की गाडी दारात येते, त्यामुळे ज्या पोराला नोकरी लागली नाही तो पिकअप घेतो, आणि हप्ता भरायचा असतो म्हणून पडेल त्या भाड्याला जातो. एकाने दोनशे कमी केले की सगळ्यांचं भाडं तेवढंच. दुसरी बाजू भाडं देणाऱ्याची. सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ रुपये क्विंटल जाहीर झाला होता, पण दिवाळीत बाजारात शेतकऱ्याला त्याच्या बराच खालचा भाव मिळत होता. तो कुठून वाढवून देणार? अण्णा त्याला भांडून भाडं मागू शकत नाहीत, कारण तो बहुतेक वेळा आमचाच कुणीतरी पाहुणा असतो.

इथपर्यंत निदान झालं. औषधाचं काय?

इंजिनियरिंगला आम्हाला ऑपरेशन्स रिसर्च नावाचा विषय होता. त्यात "रिप्लेसमेंट" म्हणून एक धडा, दर परीक्षेला हमखास दहा मार्काला. मशीन कधी बदलायचं? खरेदीची किंमत, वजा आज विकली तर येणारी किंमत, अधिक आजवरचा सगळा दुरुस्ती खर्च, भागिले वर्षं. ही झाली वर्षाची सरासरी. सुरुवातीला ती उतरत जाते, कारण खरेदीची किंमत जास्त वर्षांवर पसरते. मग दुरुस्ती वाढते आणि सरासरी पुन्हा चढू लागते. जिथे ती चढायला लागते तिथे मशीन बदला. पुढच्या वर्षाचा खर्च आजवरच्या सरासरीपेक्षा जास्त झाला की समजायचं वेळ आली. दहापैकी दहा.

मी मोठ्या रुबाबात लॅपटॉप उघडला. साडेपाच लाख, वजा १ लाख ६०, अधिक वहीतली अकरा वर्षांची दुरुस्ती ४ लाख ९५ हजार, भागिले अकरा. वर्षाला साधारण ८० हजार. पुढच्या वर्षी इंजिनचे ८५ हजार, नेहमीची किरकोळ-ठोकळ दुरुस्ती ६० हजार, आणि गाडीची किंमत अजून वीस हजारांनी उतरणार, एकूण १ लाख ६५ हजार. दुप्पट! पुस्तकाप्रमाणे गाडी आजच काढा. बापूने मला मिठी मारायची बाकी ठेवली होती.

रात्री झोप येईना तेव्हा लक्षात आलं की चूक कुठे आहे. पुस्तकातला तो सोपा नियम गृहीत धरतो की नवं मशीन जुन्याच किमतीला मिळतं. इथे तर साडेपाचाची गाडी साडेपाचाला मिळतच नाही. तेव्हा पुढच्या वर्षाच्या खर्चाची तुलना जुन्या गाडीच्या इतिहासाशी करून काय उपयोग? झालेला खर्च झाला. तुलना नव्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी हवी. शिवाय इंजिन काम एका वर्षासाठी करत नाहीत, मिस्त्रीच्या शब्दावर निदान तीन वर्षं धरायला हरकत नाही.

सकाळी चहाबरोबर पुन्हा मांडलं. जुनी गाडी तीन वर्षं चालवायची तर इंजिन ८५ हजार, दुरुस्ती ६०, ६५ आणि ७० हजार, आणि विक्रीची किंमत १ लाख ६० वरून लाखावर येणार म्हणून आणखी साठ. सगळे मिळून ३ लाख ४० हजार, वर्षाला १ लाख १३ हजार. नवी गाडी दहा वर्षं वापरायची, शेवटी तीन लाखांना विकायची, मधली दुरुस्ती सहा लाख. वर्षाला १ लाख २६ हजार. त्यात ७ लाख ६० हजारांच्या कर्जाचं व्याज, साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांत २ लाख २० हजार होतं, म्हणजे वर्षाला २२ हजार. थर्ड पार्टी विमा दोन्हीला लागतोच, पण नव्या गाडीला फुल विमा काढावा लागतो, त्याचे सरासरी बारा. एकूण १ लाख ६० हजार. मायलेज मी दोन्हीचं सारखंच धरलं. कंपनीचा आकडा रिकाम्या गाडीचा असतो आणि आमच्याकडे गाडी रिकामी असली तर ती दारातच असते.

जुनी ४७ हजारांनी स्वस्त. अण्णा खूष. बापू मात्र गप्प बसला आणि मग म्हणाला, "दादा, गाडी उभी ऱ्हायती त्याचं कुठं लिवलंस?"

नव्हतं लिहिलं. मागच्या फेब्रुवारीत बार्शीकडे उतरताना घाटात रात्री दोन वाजता गाडी बंद पडली, हौद्यात द्राक्षाचे क्रेट. बापू पहाटेपर्यंत एकटा तिथे बसून होता, टोचन मिळेपर्यंत सकाळचे आठ वाजले. माल खराब झाला नाही, पण सौदा चुकला. त्या बागायतदाराने पुन्हा फोन केला नाही. हंगामातली सात-आठ भाडी गेली. मी पुण्यात सर्व्हर दहा मिनिटं बंद पडला तर डाऊनटाइमचा रिपोर्ट लिहितो, आणि इथे माझ्या एक्सेलमध्ये डाऊनटाइमचा कॉलमच नव्हता! वहीत मोजलं तर गेल्या वर्षात गाडी २३ दिवस उभी होती. नव्या गाडीचे पाच धरले, जुनीवर मुद्दाम अन्याय करून इंजिन कामानंतरही २३ च धरले. १८ दिवस गुणिले १,२९६ म्हणजे २३ हजार. ४७ चे उरले २४ हजार, महिन्याला दोन हजार. घाटातल्या रात्रीची किंमत दोन हजार असेल तर मीसुद्धा ते देऊन टाकीन. तुटलेल्या गिऱ्हाइकाचा तर हिशोब अजून केलेलाच नव्हता.

म्हणजे तराजू जवळपास सरळ. मग मी कुठल्या बाजूला झुकलो? जुन्याच. आणि कारण एकच, हप्ता.

७ लाख ६० हजारांचा पाच वर्षांचा हप्ता येतो महिन्याला १६,३३५ रुपये. लातूरच्या तेरा खेपा. महिन्याच्या पहिल्या तेरा खेपा फायनान्सच्या, मग घरच्या. सप्टेंबर २०२५ मध्ये धाराशिव जिल्ह्यात काय पाऊस झाला ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय. भूम-परांड्याकडे तर गावंच्या गावं पाण्यात होती. शेतातलं सोयाबीन शेतातच कुजलं. माल नाही तर भाडं कशाचं? त्या महिन्यात अण्णांच्या वहीत एकूण खेपा किती आहेत? नऊ. जुनी गाडी त्या महिन्यात दारात उभी राहिली, काही खायला मागितलं नाही. नवी गाडी असती तर १६,३३५ मागितले असते, त्या महिन्यात, आणि ऑक्टोबरातही.

माझा पगार एक तारखेला येतो, पाऊस पडो न पडो. माझ्या पगाराला हप्ता शोभतो. अण्णांची कमाई वर्षातले चार महिने पुरासारखी आणि बाकी वेळ ओढ्यासारखी. दोघांनाही फायनान्सवाला एकच तक्ता दाखवतो. अशा माणसाने महिन्याला सोळा हजारांची ठरलेली देणी अंगावर घेऊ नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. गाडी महाग पडली तरी चालेल, पण वाईट महिन्यात गप्प बसणारी हवी.

अर्थात "जुनं ते सोनं" असं मी म्हणत नाहीये. पासिंगचंच बघा. आठ वर्षांपर्यंत फिटनेस दोन वर्षांतून एकदा असतो, त्यानंतर दर वर्षी. आणि एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांची फी चांगलीच चढवली आहे. अण्णांच्या एमएच-२५ ला २०२९ च्या दसऱ्याला पंधरा होतील. त्याच्या आधी ती काढायला लागणारच. तेव्हा प्रश्न नवी घ्यायची का नाही हा नाहीच, आज घ्यायची का २०२८ ला हा आहे. आणि २०२८ ला घ्यायची तर आजपासून काय करायचं.

बीएस-६ बद्दल एक शंका मात्र मनात आहे. धुराची जाळी साफ व्हायला गाडी अधूनमधून सलग वेगात पळावी लागते. आमच्या गाडीचं निम्मं आयुष्य शेताच्या वाटेवर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जातं. चौपदरी हायवे दारात आहे हे खरं, पण जाळी साफ करायला सोलापूरला चक्कर मारून यायची का? आजची गाडी आमचा मिस्त्री पाना आणि कान एवढ्यावर दुरुस्त करतो. उद्याचीला लॅपटॉप लागेल. (बापू म्हणाला, "मग तू हाईसच की.")

गावाला तशी जुनी गाडी रेटायची सवयच आहे म्हणा. बार्शी लाइट रेल्वेची कुर्डूवाडी-बार्शी गाडी १८९७ साली सुरू झाली, १९११ ला लातूरपर्यंत गेली, आणि ती अडीच फुटी नॅरोगेज या शतकातही येडशीवरून धावत होती. ब्रॉडगेज आलं २००७-०८ च्या सुमाराला. माझ्या आजोबांनी, वडिलांनी आणि मी, तिघांनी त्याच रुळांवरून प्रवास केलाय. असो, विषयांतर झालं.

शेवटी मी मांडलेला तोडगा असा, की इंजिन काम करा आणि महिन्याला आठ हजार रिकरिंगला टाका, हप्ता समजून, फरक एवढाच की हा हप्ता चुकला तर दारात कोणी येत नाही. तीन वर्षांत २ लाख ८८ हजार, वर व्याज. ते आणि जुन्या गाडीचे लाखभर, म्हणजे पुढच्या वेळी कर्ज बरंच कमी लागेल.

अण्णा म्हणाले, "पाऊस बरा झाला तर टाकीन."

बापू काहीच बोलला नाही. निघताना बॅग गाडीत ठेवायला आला तेव्हा म्हणाला, "दादा, तू ही कार किती वर्सं वापरलीस?" तीन, मी म्हटलं. आता बदलायची आहे ना? काकू सांगत होती. हो म्हटलं, बघतोय. "तिचं इंजिन गेलं काय रं?"

तिचं इंजिन उत्तम आहे. चाळीस हजार किलोमीटरसुद्धा झालेली नाही. मी ती बदलणार होतो कारण नव्या मॉडेलला सनरूफ आहे आणि हप्ता फक्त अडीच हजारांनी वाढतो. फक्त.

आणि बापूच्या बाजूने एक गोष्ट लिहायलाच हवी. चोवीस वर्षांचा मुलगा, लग्नाचं बघतायत, स्टँडवर त्याच्याबरोबरीची पोरं चकचकीत गाड्या घेऊन उभी. त्याला अकरा वर्षांची निळा धूर सोडणारी गाडी चालवायला सांगणं आणि वर त्याला एक्सेल दाखवणं, हे पुण्यात बसून फार सोपं आहे. पाऊस पडला नाही तर काय हे अण्णा बघतायत. आणखी तीन वर्षं अशीच गेली तर काय हे तो बघतोय. त्याचा कॉलम कसा भरायचा ते मला अजून कळलेलं नाही.

काल फोन आला होता. गाडी धाराशिवला मिस्त्रीकडे उघडून ठेवली आहे. बोअरिंग करून आलं, लायनर-पिस्टन नवे, हेडला पण काम निघालं. ८५ चे ९२ हजार होणार. अण्णांनी वहीत लिहून ठेवलंय. मी एक्सेलमध्ये बदललं, वर्षाला दोन हजार तीनशेने आकडा वाढला. बापू तिथेच थांबलाय, मिस्त्रीच्या हाताखाली. म्हणतो, इंजिन एकदा उघडलंय तर बघून तरी ठेवतो.